उकिरड्याची चढण

"उकिरड्यावर काय बोलणं झालं?" कोच ऑस्बींनी विचारलं.

डार्सी निएमी जिमच्या दारात उभी होती. दहा मैल पळून आली होती, हनुवटीवरून घाम गळत होता. तिने कोचच्या हातातल्या कॉफीच्या मगाकडे पाहिलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मग तू तिथे नव्हतीस."

"बरं."

एवढंच. रडणं नाही, भांडणं नाही, "कोच, खरंच होते हो" असं काकुळतीला येणं नाही. तिने बुटांची नाडी सोडली, पुन्हा बांधली आणि आपल्या वसतिगृहाच्या दिशेने चालू लागली. आम्ही सगळ्या जणी तिथेच पायऱ्यांवर पाणी पीत बसलो होतो. ती उकिरड्यावर होती हे मला माहीत होतं. आख्खी चढण ती माझ्या मागे दोन पावलांवर होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी टीमची कॅप्टन होते आणि गप्प बसले.

ही गोष्ट एकोणीसशे शहाण्णवच्या ऑगस्टमधली. उत्तर मिनेसोटातल्या आमच्या छोट्या कॉलेजात क्रॉस-कंट्रीच्या टीममध्ये दोन प्रकारच्या मुली असत. काहींना कोच स्वतः घरी जाऊन, त्यांच्या आयांच्या हातचं हॉटडिश दोनदा वाढून घेऊन, मागून आणत. मी त्यातली. बाकीच्या कोणी न बोलावता येत आणि "मला पण पळायचंय" म्हणून जिमच्या दारात उभ्या राहत. त्यांना आम्ही 'दारावरच्या' म्हणायचो. मागे वळून बघते तर हे नाव काही फार चांगलं नव्हतं. पण वीस-एकवीस वर्षांच्या मुलींना चांगुलपणाचं काय पडलेलं असतं!

दारावरच्या मुलींना घ्यायची कोचची एक स्वतःची रीत होती. दुसऱ्या कॉलेजांत घड्याळ लावून पळवतात, इतक्या मिनिटांत आलीस तर ये, नाहीतर घरी जा. ऑस्बींचा घड्याळावर विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं, आपल्या खेळात पहिली आलेली एकटी काही जिंकत नाही. पहिल्या पाच जणींचे क्रमांक मिळवायचे आणि ज्यांची बेरीज कमी, ती टीम जिंकली. म्हणजे घोळका महत्त्वाचा. घोळका रविवारच्या लांब पळण्यात कळतो, आणि त्यातही गावाच्या कचराडेपोमागच्या चढणीवर कळतो. ती आठव्या मैलावर यायची, पाऊण मैल सरळ वर. तिला आम्ही उकिरडा म्हणायचो. आमच्यात नियम असा की उकिरड्यावर बोलणं थांबवायचं नाही. छाती फुटायला आली तरी बडबड चालू ठेवायची. ज्या दारावरच्या मुलीला शेवटी कोचला सांगता येई की उकिरड्यावर काय बोलणं झालं, ती घोळक्यात होती असं धरायचं. ज्या रविवारी सांगशील त्या रविवारी जर्सी. रविवार चार मिळतील. आणि दारात कोणी कोणाची बाजू घ्यायची नाही, साक्ष द्यायची नाही, खुणा करायच्या नाहीत. हा नियम माझ्याही आधीपासूनचा होता. कोणी मोडलेला मला ठाऊक नव्हता.

बोलण्याचं काम मुख्यत्वे टेस ग्रूनवाल्डकडे असे. टेस झोपेतसुद्धा गप्प बसायची नाही, असं तिच्या खोलीतली मुलगी शपथेवर सांगायची. त्या पहिल्या रविवारी तिच्या मावशीचं प्रकरण चाललं होतं. मावशीच्या रूबार्बच्या मुरंब्याला जिल्ह्याच्या जत्रेत तिसरं बक्षीस मिळालं होतं. मावशीने ती बक्षिसाची रिबीन फ्रेम करून भिंतीवर लावली होती.

"अगं, मग चांगलंय की," मी धापा टाकत म्हटलं.

"चांगलं काय डोंबलाचं! मुरंबे आलेच होते तीन!"

आम्ही हसता हसता मरायला टेकलो होतो. त्या दिवशी तीन दारावरच्या मुली आल्या होत्या. एक चढणीच्या आधीच मागे पडली आणि पुन्हा दिसली नाही. दुसरी, दात पुढे असलेली एक लांबलचक मुलगी, पुढच्या रविवारी उत्तर देऊन जर्सी घेऊन गेली. तिसरी डार्सी. दात पुढेवाल्या मुलीनंतर कपाटात एकच जर्सी उरली होती, पंधरा नंबरची, आणि कोच जास्तीची मागवणाऱ्यांतले नव्हते.

दुसऱ्या रविवारीही तेच झालं.

"उकिरड्यावर काय बोलणं झालं?"

"माहीत नाही."

"मग तू तिथे नव्हतीस."

"बरं."

त्या दिवशी मात्र टेस पायरीवरून अर्धी उठली. मी तिचा दंड धरून खाली बसवलं.

"अगं, होती ती!" टेस माझ्या कानात फिसकारली. "माझ्या टाचेला तिचा बूट लागला दोनदा!"

"मला माहितेय."

"मग सांग की त्या म्हाताऱ्याला!"

"दारात बोलायचं नाही."

"नियम घाल चुलीत," टेस म्हणाली. पण तीही बसलीच.

डार्सीबद्दल आम्हाला फारसं काही माहीत नव्हतं. लोखंडाच्या खाणींच्या भागातून आलेली, दुसऱ्या वर्षाला, भूगर्भशास्त्र घेतलेली, भोजनगृहात वाढायला उभी राहणारी. ठेंगणी, रुंद खांद्यांची, पळताना डावा हात जरा आडवा जायचा. शर्यतीच्या दृष्टीने सांगायचं तर आठवी किंवा नववी. म्हणजे शर्यतीत जिचा नंबर मोजलाच जात नाही अशी. आणि चेहऱ्यावर काही नाही. राग नाही, हसू नाही. आमच्याकडे माणसं तशीही फार चेहरे करत नाहीत. माझ्या आजोबांनी आनंद झाला की नुसतं "ठीक" म्हणायचं. तेव्हा मला वाटलं, असेल स्वभाव.

त्या आठवड्यात एकदा मी ताट घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. ती कुस्करलेला बटाटा वाढत होती. मागे रांग नव्हती.

"तुला एक विचारू?" मी म्हटलं. "एवढी धडपड कशासाठी? टीममध्ये आलीस तरी तीन-चार फुटकळ शर्यती मिळतील. बघायला कुत्रंसुद्धा येत नाही."

तिने पळी भांड्यावर आपटून साफ केली. "रविवारी उठून कुठेतरी जायचं असतं," ती म्हणाली. मग पळी पुन्हा भांड्यात बुडवून, "टीममधलं कोणी सरावाला आलं नाही तर काय करता?"

"काय करणार? मी जाऊन दार ठोठावते. कॅप्टनचं कामच ते. टेसला तर एकदा पांघरुणासकट ओढून काढली होती."

"त्याच दिवशी जातेस?"

"त्याच दिवशी. दहा मिनिटं वाट बघायची आणि जायचं."

"मग बरं आहे," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक पळी बटाटा टाकला. मी मागितला नव्हता.

मला तेव्हा ते काहीच समजलं नाही. एवढंच समजलं की हिला ही जर्सी हवी आहे, आमच्यापैकी कोणालाही कधी हवी होती त्याहून जास्त, आणि ही मुलगी तोंड उघडून ती मागणार नाही. म्हणून तिसऱ्या रविवारी मी लबाडी केली. उकिरडा उतरल्यावर दोन मैल सपाट रस्ता होता. तिथे मी हळू झाले, तिच्या बरोबरीला आले.

"ऐक," मी म्हटलं, "टेसच्या खोलीतल्या मुलीला तिच्या मित्राने वाढदिवसाला मासा दिला. बर्फात गोठवलेला, रंगीत कागदात गुंडाळून. वर रिबीन. आलं लक्षात? मासा."

"मासा," ती म्हणाली.

"दारात विचारलं की हेच सांगायचं."

आम्ही दारात पोचलो. कोच उभे होते, हातात कॉफीचा मग होता.

"उकिरड्यावर काय बोलणं झालं?"

डार्सीने माझ्याकडे पाहिलं नाही. "माहीत नाही," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. कोच आत गेल्यावर मी तिच्या मागे धावले. गवताच्या कडेला गाठलं.

"मी सांगितलं होतं ना तुला! मासा! एक शब्द, डार्सी! एक शब्द बोलायला काय जड झालं होतं?"

"ते तू नंतर सांगितलंस."

"मग?"

"ते विचारतात चढणीवर काय झालं. चढणीवर मला ऐकू आलं नव्हतं."

"बहिरी आहेस का तू?"

हे मी बोलले. मला आजही त्याची लाज वाटते. पण ती रागावली नाही. खरंच विचार करून तिने उत्तर दिलं.

"ऐकू येतं," ती म्हणाली. "आत राहत नाही. तुम्ही हसलात की कळतं काहीतरी झालं. कशाला हसलात ते गेलेलं असतं. वर्गात पण तसंच होतं."

"कधीपासून?"

"जूनपासून," ती म्हणाली, आणि तिला भोजनगृहात पोचायचं होतं म्हणून निघून गेली.

आता एक रविवार उरला होता. मी त्या आठवड्यात एकदा कोचच्या खोलीत गेले. ते बुटांच्या यादीवर बरोबरच्या खुणा करत होते. मी म्हटलं, "कोच, ती निएमी..." त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "जोलीन, इथे दार नाहीये म्हणून बोलायला आलीस का?" मी परत आले. माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्याने आयुष्यभर एक नियम पाळला होता, कारण एकीसाठी वाकवला की दुसरीवर अन्याय होतो हे त्याने पाहिलं असणार. पण त्या दिवशी मी त्याला मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौथा रविवार सप्टेंबरच्या मध्याचा. गारठा पडायला लागला होता. कॉलेजमागच्या शेतांतला मका वाळून खडखडत होता. डार्सी नेहमीसारखी वेळेवर आली, घोळक्याच्या मागे लागली. सहा मैल झाले. सात झाले. डेपोचा वास आला. टेसने नाक मुरडलं आणि सुरू केलं.

"आमचे बाबा," ती म्हणाली, "रविवारी मॅच लावतात आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागतात. सोफ्यावर. तोंड उघडं."

"सगळ्यांचेच बाबा," कोणीतरी म्हणालं.

"नाही, ऐक ना! टीव्ही बंद केला की लगेच, डोळे मिटलेलेच हां, 'मी बघतोय'! अगं, स्कोअर विचारला तर सांगता येत नाही! आणि रिमोट? तो पोटाखाली. काढून दाखव!"

सगळ्या हसल्या. चढण उभी होत चालली होती. हसण्याने श्वास तुटत होता, मी मान खाली घालून खडीकडे बघत होते. आणि मागून आवाज आला.

"माझे बाबा पण सोफ्यावर होते."

आवाज सरळ होता, चढ-उतार नसलेला. बसमध्ये पुढचा थांबा सांगतात तसा. प्रत्येक वाक्यानंतर ती श्वास घेत होती.

"जूनमध्ये. मी पळून आले. टीव्ही चालू होता. म्हटलं झोपलेत. उठू नयेत म्हणून आवाज कमी केला. अंघोळ केली. मग अंडी केली. चार. दोन माझी, दोन त्यांची. टोस्ट पण केले. मग हाक मारली."

कोणी बोललं नाही. चौदा जणींच्या बुटांखाली खडी वाजत होती, एवढंच. उकिरड्यावर असं कधी झालं नव्हतं. कोणीतरी थांबेल असं मला वाटलं, पण कोणी थांबलं नाही. कदाचित आम्ही पळत होतो म्हणूनच तिला ते सांगता आलं असेल.

"मग?" टेसने विचारलं. टेसचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"मग अँब्युलन्स आली. गेली. मग मी अंडी खाल्ली."

"तुझी?"

"चारही. गार झाली होती. टाकवेनात."

चढण संपली. वर नेहमी कोणीतरी "हुश्श" म्हणतं. त्या दिवशी कोणी म्हटलं नाही. उताराला लागताना घोळक्यात थोडी हालचाल झाली. कोणी ठरवलं नव्हतं, पण सपाटीला आलो तेव्हा डार्सी मागे नव्हती, मध्ये होती. टेस तिच्या डावीकडे, तो आडवा जाणारा हात दर चार पावलांनी टेसच्या कोपराला लागत होता, आणि टेस काही बोलत नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि थंड वाऱ्याने ते कानाकडे जात होतं. डार्सीचे डोळे कोरडे होते.

कोच दारात होते.

"उकिरड्यावर काय बोलणं झालं?"

"टेसचे बाबा मॅच बघताना झोपतात," डार्सी म्हणाली. "टीव्ही बंद केला की मी बघतोय म्हणतात. रिमोट पोटाखाली असतो."

कोचनी मान हलवली. "आणि?"

हे ते नेहमीच विचारत. पहिल्या उत्तरावर समाधान मानणारे ते नव्हते; चढण पाऊण मैलाची होती, एका गोष्टीत संपणारी नव्हती.

"आणि मग मी बोलले," डार्सी म्हणाली.

"काय बोललीस?"

मी तिचा चेहरा बघत होते. ते पुन्हा सांगणं तिच्याच्याने होणार नव्हतं. एकदा सांगायला जूनपासून सप्टेंबर लागला होता. तिचे ओठ हलले, आणि मला कळलं की ती आता "माहीत नाही" म्हणणार, कारण या दारात तिला तेवढेच दोन शब्द येत होते. आणि ती ते म्हणाली असती तर चौथा रविवार संपला असता.

मी पायरीवरून उठले.

"कोच," मी म्हटलं, "ती काय बोलली ते आम्ही ऐकलं. ते तुम्हाला नाही सांगायचं."

"जोलीन, दारात..."

"माहितेय मला नियम."

मग टेस उठली. मग तिच्या मागे बाकीच्या, ती दात पुढेवाली नवी मुलगीसुद्धा. घामाने ओल्या, थंडीने कुडकुडणाऱ्या तेरा मुली नुसत्या उभ्या राहिल्या. ऑस्बींनी आमच्याकडे पाहिलं, मग डार्सीकडे पाहिलं. त्यांनी मगातली उरलेली कॉफी गवतात ओतली.

"आत ये," ते तिला म्हणाले. "गारठलीस."

पुढचं सांगून टाकते. डार्सी तीन वर्षं आमच्या कॉलेजकडून पळली, त्यातलं पहिलं माझ्याबरोबर. शर्यतीत तिचा नंबर कधी मोजला गेला नाही. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, तिचे पळण्यात काही फिटले नाहीत. सगळ्यात चांगली शर्यत तिने एकसष्टाव्या क्रमांकावर संपवली, आणि त्या दिवशी पाऊस होता. पुढे ती जिल्ह्याच्या पाणी खात्यात लागली. विहिरींच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून आणते, चिठ्ठी लावते, तपासते. अजून तिथेच आहे. तिच्या कचेरीत कोणाला माहीत नसेल ती कधी पळत होती. विचारल्याशिवाय ती सांगायची नाही, आणि असं कोण विचारतं?

पण त्या रविवारी कोचनी तिला पंधरा नंबरची जर्सी दिली. ती तिला खांद्यात घट्ट आणि खाली लांब झाली. मग एक फॉर्म दिला. ती कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून भरत होती आणि मी समोर मोजे पिळत होते. नाव, जन्मतारीख, उंची, कसली ॲलर्जी, आधीची दुखापत. ती भराभर लिहीत गेली. मग पेन थांबलं.

मी वाकून पाहिलं. 'अपघात झाल्यास कोणाला कळवावे' असा रकाना होता.

तिची आई कुठे आहे, आहे की नाही, मी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही. खोलीत कोणाचा तरी शॉवर चालू होता. ती त्या रकान्याकडे बघत बसली. वाईट वाटतंय असंही तिच्या तोंडावर दिसत नव्हतं. नुसतं उत्तर येत नव्हतं.

"जोलीन," ती शेवटी म्हणाली, "तुझा फोन नंबर काय आहे?"

मी सांगितला. वसतिगृहातल्या माझ्या खोलीचा, सात आकडी. तिने तो लिहिला. मग पेन ठेवलं, कागद जरा लांब धरला आणि मला तो वाचून दाखवला, एकेक आकडा, तशाच सरळ आवाजात.

"बरोबर?" तिने विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं.